संत्र्याच्या पानाचं तेल: आधी झाड कोणतं ते बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरुडकडे घरची नागपुरी संत्र्याची बाग आहे. तोडणीनंतर छाटणी होते तेव्हा ट्रॉलीभर पाला बांधावर जातो. संत्र्याच्या पानातून पेटिटग्रेन नावाचं महागडं तेल निघतं असं तुमच्या वाचनात आलं, म्हणून एक छोटी बाटली मागवलीत. आता ते तेल चेहऱ्याला लावायचं, झोपेसाठी वापरायचं की केसांच्या तेलात घालायचं, आणि बागेतल्या पाल्यातून असंच तेल काढून विकता येईल का?

मी पुण्यात साबण आणि सुगंधाची छोटी उत्पादनं बनवते. त्याआधी बरीच वर्षं सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत मिश्रणं तोलायचं काम केलं, त्यामुळे पेटिटग्रेन रोज हाताखालून गेलंय. तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी बसली आहे: बाटलीतलं तेल ज्या झाडाचं आहे, ते झाड तुमच्या बागेत नाही. एवढं लक्षात आलं की बाकीचं आपोआप सुटत जातं.

व्यापारात नुसतं पेटिटग्रेन म्हटलं की ते कडू संत्र्याच्या पानांचं आणि कोवळ्या काड्यांचं तेल. शास्त्रीय नाव सिट्रस ऑरँशियम. स्पेनमधल्या सेव्हिलच्या रस्त्यांवर जी आंबट-कडू संत्री लटकलेली असतात आणि ज्यांचा मार्मालेड होतो, तेच हे झाड. तुमचं नागपुरी संत्रं म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, मँडरिनच्या कुळातलं. दोघांना आपण मराठीत संत्रंच म्हणतो, पान चुरगाळलं तर दोन्हींना छान वास येतो, पण आतलं रसायन वेगळं असू शकतं. आणि हे तेल त्वचेला लावायचं असेल तर हा फरक चैनीचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

कडू संत्र्याच्या एका झाडापासून तीन निरनिराळी तेलं निघतात. फुलांमधून वाफेने काढलेलं ते नेरोली. फळाच्या सालीतून दाबून काढलेलं ते कडू संत्र्याचं साल-तेल. पानांमधून वाफेने काढलेलं ते पेटिटग्रेन. नेरोलीच्या एका किलोला साधारण टनभर फुलं लागतात आणि ती हाताने वेचावी लागतात. पानाचं तसं नाही. शंभर किलो पाल्यातून दोनशे ते चारशे ग्रॅम तेल येतं आणि पाला कोयत्याने कापून आणता येतो. म्हणून नेरोली सोन्याच्या भावाने जातं आणि पेटिटग्रेन त्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं. तुम्ही 'महागडं' म्हणालात, तो भाव लहान बाटलीचा आणि सुंदर लेबलचा. सुगंधाच्या धंद्यात पेटिटग्रेन हा रोजच्या राबत्यातला माल आहे.

या तेलाची मोठी भूमी पॅराग्वे. स्पॅनिश लोकांबरोबर गेलेलं कडू संत्रं तिथे रानोमाळ पसरलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालान्सा नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या पानांपासून तेल काढायला सुरुवात केली, आणि आज जगात सर्वांत जास्त पेटिटग्रेन तिथूनच येतं. लहान शेतकरी आपापल्या भट्ट्यांवर ते गाळतात. तिथे हे झाड पानासाठीच वाढवतात: फांद्या कापायच्या, नवी फूट येऊ द्यायची, पुन्हा कापायची. फळाची कुणाला पर्वा नाही. हा मुद्दा तुमच्या बागेकडे वळलो की पुन्हा लागेल.

आता बाटलीत काय आहे ते बघू. चांगल्या पेटिटग्रेनमध्ये साधारण निम्मा वाटा लिनालिल ॲसिटेटचा आणि पाव वाटा लिनालूलचा असतो. उरलेल्यात अल्फा-टर्पिनिऑल, जिरॅनिल ॲसिटेट, जिरॅनिऑल वगैरे. हे पहिले दोन घटक लॅव्हेंडरमध्येही मुख्य असतात, म्हणून पेटिटग्रेनचा मधला वास ओळखीचा वाटतो. पण त्याचा खरा ठसा उमटतो तो अतिशय सूक्ष्म प्रमाणातल्या काही घटकांमुळे. त्यात पायराझिन जातीचा एक घटक आहे, ज्याचा वास कच्च्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा येतो. तो असतो नावालाच, पण तो काढून घेतला तर तेल एकदम गुळमुळीत होतं.

तुमच्या बाटलीची पहिली तपासणी घरच्या घरी करा. ब्लॉटर (वास घ्यायची कागदी पट्टी) नसेल तर जाड ड्रॉइंग पेपरची बोटभर पट्टी कापा, टोक तेलात बुडवा आणि पट्टी उभी अडकवून ठेवा. पहिल्या मिनिटाला हिरवी काडी मोडल्यासारखा, थोडा कडवट आणि तुरट वास आला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी तो मऊ होतो, फुलांकडे झुकतो. दीड-दोन तासांनी पट्टीवर कोरडा, लाकडासारखा, किंचित वाळल्या गवताचा वास उरतो. असा प्रवास जाणवला तर तेल बहुधा बरं आहे. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकच गोड, गुळगुळीत वास येत राहिला आणि मग काही न उरता उडून गेला, तर त्यात कारखान्यातलं लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट सढळ हाताने ओतलेलं असण्याची दाट शक्यता आहे. हे दोन्ही घटक कृत्रिमरीत्या स्वस्तात बनतात, त्यामुळे भेसळ करायला हे तेल फार सोयीचं. नाकाची परीक्षा अंतिम नव्हे. विक्रेत्याकडे त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल मागा, म्हणजे तेलात कोणता घटक किती टक्के आहे ते दाखवणारा प्रयोगशाळेचा कागद. बॅच नंबर नसलेला, सगळ्या बाटल्यांना एकच चालवलेला कागद दिला तर तो कागद आणि ते तेल दोन्ही बाजूला ठेवा.

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि भाग लिहिलेला आहे का तेही बघा. 'ऑरेंज लीफ ऑइल' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही. कारण साल-तेल की पान-तेल आणि कुठल्या झाडाचं पान, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

उन्हाचा मुद्दा घ्या. 'लिंबूवर्गीय तेल लावून उन्हात जाऊ नका' हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण सालीतून दाबून काढलेल्या तेलांबाबत. सालीत फ्युरानोकुमारिन नावाचे जड रेणू असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. म्हणून अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत दाबून काढलेल्या कडू संत्र्याच्या साल-तेलाला १.२५ टक्के आणि बर्गमॉट या दुसऱ्या लिंबूवर्गीय फळाच्या साल-तेलाला ०.४ टक्के अशी मर्यादा सुगंध उद्योगाने स्वतःला घालून घेतली आहे. हे जड रेणू वाफेबरोबर वर चढत नाहीत. त्यामुळे वाफेने काढलेलं कडू संत्र्याचं पेटिटग्रेन या बाबतीत निर्धोक मानलं जातं.

इथवर वाचून लोक नियम बनवतात: सालीचं तेल वाईट, पानाचं चांगलं. हा नियम मोडतो तो नेमका तुमच्या झाडाच्या कुळात. भूमध्य समुद्राकडच्या मँडरिनच्या पानांच्या तेलात मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेट नावाचा घटक जवळजवळ निम्मा भरतो. वास सुरेख, संत्र्याची फुलं आणि काळी द्राक्षं एकत्र केल्यासारखा. पण हा घटक वाफेबरोबर सहज येतो आणि उन्हात त्रास देतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरच्या उत्पादनात त्याला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. तेलात तो निम्मा धरला तर तयार क्रीममध्ये तेल ०.२ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये जेमतेम चार-पाच थेंब.

नागपुरी संत्र्याच्या पानात हा घटक किती, हे मी तुमच्या बागेचं तेल तपासल्याशिवाय सांगणार नाही. रेटिक्युलाटा या एका नावाखाली इतक्या जाती आणि संकर येतात की काहींच्या पानात हा घटक भरपूर, तर काहींमध्ये त्याऐवजी सॅबिनिन आणि लिनालूल जास्त. क्लेमेंटाइन याच कुळातलं, पण त्याच्या पानाचं तेल दुसऱ्या प्रकारात बसतं. एक छोटी खूण सांगते: हा अँथ्रानिलेट असलेलं तेल अल्कोहोलमध्ये थोडं पातळ करून अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं तर निळसर चमकतं. चमकलं तर सावध व्हा. चमकलं नाही म्हणून सुटलो असं मात्र समजू नका, तपासणी तरीही लागेल.

आता वापराकडे येऊ. इथून पुढे बाटलीत कडू संत्र्याचंच अस्सल तेल आहे असं धरते.

चेहरा. तेलकट त्वचा आणि मुरुमांसाठी पेटिटग्रेनची शिफारस खूप ठिकाणी दिसते. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत हे तेल काही जंतूंची वाढ रोखतं. पण तसं तर जवळपास प्रत्येक सुगंधी तेल करतं. ताटलीतलं प्रमाण आणि गालावर चालणारं प्रमाण यांत मोठं अंतर आहे. मुरुमांवर औषध म्हणून मी ते कुणाला देत नाही, त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगते. सुगंधासाठी घालायचं असेल तर चेहऱ्यावरच्या तेलात अर्धा ते एक टक्का पुरतो. तीस मिली बदाम किंवा जोजोबा तेलात एक टक्का म्हणजे ०.३ मिली, अंदाजे सहा-सात थेंब. थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे बदलतो, म्हणून विकायच्या मालासाठी मी थेंब मोजत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. तेल नुसतंच, पातळ न करता, कधीही लावू नका.

पेटिटग्रेनमुळे त्वचेला त्रास झाल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक जुन्या बाटलीच्या निघतात. ताजं लिनालूल बऱ्यापैकी सौम्य असतं. हवा लागत राहिली की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते ॲलर्जी निर्माण करण्यात पटाईत आहेत. लिनालिल ॲसिटेटचंही तेच होतं. दोन्ही मिळून तुमच्या बाटलीचा पाऊण भाग आहे, हे लक्षात घ्या. एकदा अशी ॲलर्जी बसली की ती लॅव्हेंडर, साबण, शाम्पू, सगळीकडे पाठलाग करते. म्हणून बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, शक्यतो फ्रीजमध्ये. तेल अर्ध्यावर आलं की छोट्या बाटलीत काढा, म्हणजे वर हवेची पोकळी राहत नाही. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीवर कायमचा बसवून ठेवू नका. तेलाच्या वाफेने रबर फुगतं, चिकट होतं आणि त्याचा वास तेलात उतरतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. वर्ष उलटलं की ते तेल मी त्वचेच्या कुठल्याही उत्पादनात घालत नाही. खोलीच्या सुगंधाला किंवा फरशी पुसायच्या पाण्याला संपवते.

झोप आणि मनाची धावपळ. इथे थोडा आधार आहे, पण थोडाच. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांना लिनालूलचा नुसता वास दिला तेव्हा त्यांची भीती कमी झाली. ज्यांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती त्यांच्यावर परिणाम झाला नाही. म्हणजे परिणाम नाकावाटे होतो, हे तरी दिसलं. बार्सिलोनात चाळीसेक कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर पेटिटग्रेनच्या वासाचा एक छोटा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात ताण कमी होऊन काम थोडं लवकर उरकल्याचं नोंदवलं आहे. एवढ्यावरून निद्रानाशाचा उपाय म्हणून डांगोरा पिटणं मला पटत नाही. वास आवडत असेल तर कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब टाकून उशाशी ठेवा. उशीच्या अभ्र्यावर नको, डाग पडतो आणि गाल रात्रभर त्यावर घासतो. डिफ्यूझर असेल तर तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किंचित उघडी. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा मांजर असेल तर डिफ्यूझर टाळाच. मांजराच्या यकृताला अशी संयुगं नीट निस्तरता येत नाहीत. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

केस. खोबरेलात एक टक्का घातलंत तर डोक्याला सुंदर वास येईल. केस वाढतील किंवा गळायचे थांबतील असं म्हणायला मला काही आधार माहीत नाही.

पोटात घेणं: नाही. मिठाया आणि शीतपेयांच्या स्वादांत पेटिटग्रेन वापरलं जातं हे खरं, पण ते दशलक्ष भागांत काही भाग अशा मापाने, कारखान्यात तोलून. घरी पाण्यात थेंब टाकला की तो पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतो आणि जिभेला-घशाला नुसताच चटका देतो. आणखी एक गोंधळ यात होतो. कडू संत्र्याचा अर्क वजन कमी करायच्या गोळ्यांत असतो, तो सिनेफ्रिन या घटकासाठी, आणि त्याने रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. तो घटक फळाच्या अर्कातला. पानाच्या तेलात तो उतरत नाही. तेव्हा पेटिटग्रेनने ना वजन उतरतं ना त्या गोळ्यांचे धोके त्याला चिकटतात.

मग हे तेल चांगलं कशाला? वासाला. हे मी कमीपणाने म्हणत नाही. जर्मनीतल्या कोलोनमध्ये १७०९ साली फारिना घराण्याची पेढी सुरू झाली. तिथून जी 'कोलोन'ची परंपरा आली, तिच्यात बर्गमॉट-लिंबाची चमक असते आणि नेरोलीचं फूल असतं. या दोघांना जोडणारी हिरवी काडी म्हणजे पेटिटग्रेन. सालीची तेलं अंगावर अर्ध्या तासात उडतात. पेटिटग्रेन त्यापेक्षा जास्त वेळ थांबतं आणि मागून येणाऱ्या जड वासाला वाट करून देतं. माझं आवडतं साधं मिश्रण तुम्ही घरीही करू शकता: पाच भाग पेटिटग्रेन, तीन भाग लॅव्हेंडर, एक भाग वाळ्याचं तेल. वाळा घातला की तो हिरवा कडवटपणा एकदम आपल्या ओळखीचा होतो, उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर पाणी मारल्यासारखा. हे मिश्रण आठवडाभर झाकून ठेवा आणि मगच नाकाला लावा. पहिल्या दिवशी तीन तेलं वेगवेगळी बोलतात.

साबणात ते कसं वागतं तेही सांगते, कारण तुम्हाला पुढेमागे विकायचं आहे. थंड पद्धतीच्या साबणात कॉस्टिक सोड्यामुळे लिनालिल ॲसिटेटचा बराच भाग फुटून लिनालूल होतो. म्हणून ताज्या वडीत जो गोडवा असतो तो महिन्याभरात ओसरतो आणि हिरवट, लाकडी अंग पुढे येतं. मला ते आवडतं. ज्यांना बाटलीतला वासच वडीत हवा असतो ते नाराज होतात. साबणासाठी घेतलेल्या तेलांच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के घातलं तर वडी वाळेपर्यंत वास टिकतो. संत्र्याच्या साल-तेलाचा साबण त्याच काळात जवळजवळ बिनवासाचा झालेला असतो.

आता तुमची बाग. तुम्ही बांधावर टाकता तो पाला दोन प्रकारचा आहे. सल म्हणजे वाळलेली काडी, तिच्यात तेल उरलेलंच नसतं. ती भट्टीत भरली तर जागा अडवेल आणि जळण खाईल. तेल आहे ते पाणसोटांच्या, म्हणजे सरळ जोमाने वाढलेल्या फुटींच्या, हिरव्या पानांत आणि कोवळ्या शेंड्यात. आणि यातही एक मेख आहे. तुमची कलमं बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, बांधलेली असतील. कलमाच्या जोडाखालून जी फूट येते ती संत्र्याची नसतेच, ती खुंटाची असते. तिच्या पानाचं तेल निराळं. दोन्ही पाले एकत्र गाळले तर दर वेळी वेगळा माल निघेल आणि कुठलाही खरेदीदार दुसऱ्यांदा येणार नाही. मजुरांना पहिल्या दिवशीच दाखवून द्या: खुंटाची फूट वेगळ्या ढिगात. शंका आली तर पान चुरगाळून हुंगायचं. जंबेरीचं पान लिंबाकडे झुकतं, संत्र्याचं नाही.

दुसरी अडचण फवारणीची. नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या पालवीवर, सायला किडीसाठी आणि पाने पोखरणाऱ्या अळीसाठी फवारे बसतात आणि पाणसोटाचा पाला म्हणजे नवतीच. काही कीटकनाशकं वाफेबरोबर तेलात उतरू शकतात. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस गेले याची नोंद ठेवा आणि तेलाच्या पहिल्या नमुन्याची अवशेष चाचणीही करून घ्या. कोळशी (काळी बुरशी) आलेला, काळवंडलेला पाला घेऊच नका.

पाल्यासाठी हिरवी फांदी जास्त कापायचा मोह होईल, तो टाळा. पॅराग्वेत झाड पानासाठी आहे. तुमचं झाड फळासाठी आहे, आणि लिंबूवर्गीय झाड पुढच्या बहराची शिदोरी पानांतच साठवून ठेवतं. दोनचार किलो तेलापायी आंबिया बहर पातळ झाला तर हिशेब कुठेच बसणार नाही. छाटणीत जे निघेल तेवढंच घ्यायचं.

गाळण्याची रीत थोडक्यात. पाला ताजा, फार तर एक दिवस सावलीत सुकलेला. पाण्यात बुडवून उकळू नका. खाली पाणी, वर जाळी, जाळीवर पाला आणि खालून वाफ. पाण्यात उकळलं की लिनालिल ॲसिटेटसारखे घटक फुटतात आणि तेल चपटं होतं. पाला दाबून भरला की वाफ एका बाजूने वाट काढते, सैल भरला की जळण वाया जातं. बोट घातलं तर अडथळा जाणवेल, पण रुतणार नाही, इतपत भरायचा. बहुतेक तेल पहिल्या तासाभरात येतं. नंतर ताणत बसू नका. भांडं स्टेनलेस स्टीलचं घ्या. प्रेशर कुकरला नळी जोडायचे व्हिडिओ दिसतात, ते करू नका. नळी पाल्याने तुंबली तर कुकर फुटतो.

खाली जे पाणी जमतं तेही सुवासिक असतं. ते गुलाबपाण्यासारखं विकायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. पण त्यात टिकवण घातलं नाही तर काही आठवड्यांत बुरशी धरते, आणि चेहऱ्याला लावायच्या बाटलीत बुरशी गेली तर तुमचं नाव जातं. घरी वापरायला ठीक.

हिशेब करून बघा. कडू संत्र्याचा उतारा धरला तरी एक टन निवडलेल्या हिरव्या पाल्याला दोन ते चार किलो तेल. संत्र्याचा उतारा तुमच्या भट्टीवर तुम्हालाच काढावा लागेल. पाला निवडायची मजुरी, जळण, भट्टीचा खर्च आणि चाचण्या वजा जाता एकट्या बागेला हा धंदा परवडेल असं मला वाटत नाही. गावातल्या दहा-बारा बागा मिळून, शेतकरी गटाची एकच भट्टी आणि तिच्यावर संत्र्याबरोबर गवती चहा, तुळस असं वर्षभर काही चालू असेल तर वेगळी गोष्ट आहे. आणि हे तेल पेटिटग्रेन म्हणून विकू नका. कुणीतरी तपासेल आणि भेसळ ठरवेल. 'नागपुरी संत्र्याच्या पानाचं तेल' असं स्वतःच्या नावाने, शास्त्रीय नावासकट विका. वेगळं आहे म्हणून घेणारा सुगंधकार मिळू शकतो. साबण-क्रीम बनवून विकायचं ठरलं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून. लेबलवर मुरूम, झोप, केसगळती यांचे दावे छापू नका.

जाता जाता, कुंडीत लावायचं असेल आणि पानाच्या तेलाचीच हौस असेल तर माकरूट लिंबाकडेही बघा. जोडपान असतं, एकापुढे एक दोन पानं चिकटवल्यासारखं. थाई स्वयंपाकात वापरतात ते. त्याच्या तेलात सिट्रोनेलालचं राज्य असतं, म्हणून सिट्रोनेला गवताच्या जवळचा, तिखट-हिरवा वास येतो आणि डास थोडा वेळ लांब राहतात. पेटिटग्रेनकडून डासांबाबत तशी अपेक्षा ठेवू नका.

तर सध्या करायचं ते असं: बाटलीचं लेबल आणि तिची तारीख बघा, पट्टीवर वास घ्या, अहवाल मागवा, तोवर चेहऱ्याला थांबा. बागेतल्या दहा किलो पाणसोटाच्या निवडक पाल्याचं एक गाळप कुणाच्या तरी छोट्या भट्टीवर करून घ्या. वीस-तीस ग्रॅम तेल हाती आलं तरी तपासणीला पुरून उरेल. कनौजचं एफएफडीसी (सुगंध आणि स्वाद विकास केंद्र) आणि लखनौचं सीमॅप (औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) या दोन्ही सरकारी संस्था याच विषयातल्या आहेत, आणि झाडाबद्दल विचारायला नागपूरची लिंबूवर्गीय संशोधन संस्था तुम्हाला जवळ आहे. जीसी-एमएसचा कागद आला की त्यातले सर्वांत मोठे पाच-सहा घटक आणि त्यांचे टक्के मला कळवा, मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेटचा आकडा आधी. तो बघून क्रीममध्ये किती घालता येईल, साबणात किती, आणि घालावंच की नाही, ते सांगते.